चित्रपट परीक्षण लिहायचंय? नाशिकच्या नवोदितांसाठी पहिल्या शोपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

माझं पहिलं परीक्षण ७०० शब्दांचं होतं. त्यातले ५०० शब्द गोष्ट सांगण्यातच गेले होते. उरलेल्या २०० शब्दांत 'अभिनय उत्तम', 'संगीत श्रवणीय', 'छायाचित्रण नेत्रसुखद' असं सगळं व्यवस्थित बसवलं होतं. एका स्थानिक पुरवणीच्या संपादकांनी ते वाचलं आणि परत दिलं. गोष्ट कळली, पण तुम्ही सिनेमा पाहिलात हे यात कुठे दिसतं, एवढंच त्यांनी विचारलं. खूप राग आला होता. मग रविवार कारंजावरून चालत घरी येताना त्या चित्रपटातलं एक तरी दृश्य जसंच्या तसं आठवायचा प्रयत्न केला. नायिका कुठे उभी होती, खोलीत उजेड कुठून येत होता, मागे कसला आवाज होता, यातलं काहीही आठवेना. तेव्हा राग गेला.

त्यानंतर जे हळूहळू, चुकत शिकलो, ते इथे क्रमाने मांडतोय. या सगळ्यात मला एकच गोष्ट सांगायची आहे: आधी पडद्यावर काय दिसलं आणि कानावर काय आलं ते लिहा, मत त्यातून काढा. मत सगळ्यांकडेच असतं. वाचक तुमच्याकडे येतो तो तुम्ही नीट पाहिलं असेल या भरवशावर.

सुरुवातीला काय काय लागतं

- खिशात मावेल अशी, जाड पुठ्ठ्याची छोटी वही. मांडीवर ठेवून लिहिता आली पाहिजे.
- दोन शिसपेन्सिली. टकटक वाजणारं बटणाचं पेन नको, शेजारच्याला त्रास होतो.
- अंधारात काटे दिसतील असं मनगटी घड्याळ. वेळ बघायला मोबाइल उघडायचा नाही.
- घरी पाहण्यासाठी बरे हेडफोन. टीव्हीच्या स्पीकरवर अर्धं ध्वनिसंयोजन ऐकूच येत नाही.
- एक मोठी वही किंवा संगणकावरची फाइल. तीत पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाचं नाव, साल, दिग्दर्शक, कुठे आणि कधी पाहिला, आणि चार ओळी.
- युनिकोडमध्ये मराठी टाइप करण्याची सवय. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पाठवलेला मजकूर समोरच्याच्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडतो. माझा एक लेख याच कारणाने आठवडाभर पडून राहिला आणि तोवर चित्रपट थिएटरातून उतरला.

पत्रकार असल्याचं ओळखपत्र लागत नाही, पदवी लागत नाही. तिकीट मात्र जपून ठेवा. कुठला खेळ, किती वाजता, हे नंतर आठवत नाही.

१. कुणासाठी लिहिताय ते आधी ठरवा

शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाबद्दल वाचणारा माणूस बहुतेक वेळा रविवारचं ठरवत असतो. सिडकोतून किंवा नाशिक रोडहून चौघांचं कुटुंब निघणार, चार तिकिटं, जाण्यायेण्याचा खर्च, मध्यंतरातलं खाणं. त्याला कळायला हवं की हा कशा प्रकारचा चित्रपट आहे, बारा वर्षांच्या मुलीला न्यावं का, आणि एवढ्या पैशांत काय पाहायला मिळेल. याला मी परीक्षण म्हणतो. यात उत्तरार्धातलं काही उघड करायचं नाही.

दुसरा वाचक चित्रपट पाहून आलेला असतो. जे पाहिलं त्यावर त्याला कुणाशी तरी बोलायचं असतं. त्याच्यासाठी लिहायचं ते रसग्रहण. तिथे शेवटासकट सगळं बोलता येतं, फक्त पहिल्याच ओळीत तसं सांगून टाकावं.

नवोदितांचा गोंधळ होतो तो हे दोन्ही एकाच लेखात कोंबल्यामुळे. एका परीक्षणात मी खुनी कोण हे थेट लिहिलं नव्हतं, पण 'अमुक नटाने शेवटी कमाल केली आहे' असं लिहिलं होतं. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी जिन्यात थांबवून सांगितलं की त्या एका वाक्यामुळे त्यांना मध्यंतराआधीच सगळं कळलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. रहस्य फुटतं ते बहुतेक वेळा अशा आडवळणाच्या कौतुकातून.

२. थिएटरात जाण्याआधी

दुसऱ्यांची परीक्षणं वाचू नका. ट्रेलर एकदा पाहिला तर पुरे. कोणी लिहिलाय, कोणी दिग्दर्शित केलाय, लांबी किती, मूळ नाटक, कादंबरी किंवा दुसऱ्या भाषेतला चित्रपट आहे का, एवढं माहीत असलं की बस.

खेळ कुठला निवडायचा? मला भरलेलं थिएटर आवडतं. उंटवाडीच्या मॉलमधला सकाळचा पहिला खेळ आणि रविवारी संध्याकाळचा खेळ, यांत एकाच चित्रपटाचं वागणं वेगळं असतं. विनोदी चित्रपट रिकाम्या सभागृहात पाहून लिहू नका, त्याच्यावर अन्याय होतो. मराठी चित्रपटाच्या वेळा मात्र गुरुवारी रात्री पुन्हा बघा. पहिल्या आठवड्यात दुपारी दोनचा असलेला खेळ दुसऱ्या आठवड्यात सकाळी नऊवर गेलेला किंवा गायब झालेला मी कितीदा तरी पाहिलाय. मराठी चित्रपटावर लिहायचं असेल तर पहिल्या तीन दिवसांतच गाठा.

जागा मधल्या ओळींच्या किंचित मागे, अगदी मधोमध घ्या. चारी बाजूंचे स्पीकर तिथे सर्वांत समतोल ऐकू येतात. आणि वेळेआधी पोहोचा, कारण सेन्सॉरचं प्रमाणपत्र सुरुवातीलाच पडद्यावर येतं. त्यावर श्रेणी असते आणि लांबीही. २०२४च्या नव्या नियमांनंतर पूर्वीच्या एकाच 'यूए' (म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) श्रेणीच्या जागी ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन टप्पे आले आहेत. मुलांना न्यावं का, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथून होते. पण तुमचं उत्तर तिथे संपू देऊ नका. नेमकी हिंसा आहे, शिवीगाळ आहे की जवळच्या माणसाचा मृत्यू आहे, हे पालकांना एका वाक्यात सांगा.

३. अंधारात टिपणं कशी घ्यायची

हे कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

वही डाव्या मांडीवर. डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा, एक टिपण झालं की अंगठा दोन बोटं खाली सरकवायचा. असं केलं की ओळी एकमेकांवर चढत नाहीत. एका पानावर पाच-सहाच टिपणं. कागदाकडे बघायचं नाही, नजर पडद्यावर.

टिपायचं काय? वाक्यं नकोत, चित्रं टिपा. 'पंप, निळा डबा, तीनदा' एवढं पुरतं. आपल्यापुरत्या चार खुणा ठरवा. मी हशा आला की 'ह' लिहितो, शांतता पसरली की आडवी रेघ, माझं लक्ष उडालं की गोल, आणि पुन्हा पाहायला हवं असं काही दिसलं की चांदणी. मध्यंतर किती वाजता झालं ते लिहा. पूर्वार्ध ६५ मिनिटांचा आणि उत्तरार्ध ९० मिनिटांचा असेल, तर 'उत्तरार्ध रेंगाळतो' या तक्रारीमागे काही आधार मिळतो.

संवाद शब्दशः टिपायच्या मागे लागू नका. एखादा टिपलाच तर नंतर कुठेतरी पडताळून घ्या, नाहीतर अवतरणचिन्हं न घालता आशय लिहा. अंधारात ऐकलेला संवाद आठवणीत बदलतो, आणि पटकथाकाराच्या तोंडी आपलं वाक्य घातलं जातं.

शेवटची श्रेयनामावली पूर्ण बघा. लोक उठून पायऱ्यांकडे निघालेले असतात, सफाईवाले आत आलेले असतात, तरी बसून राहा. ध्वनी कुणाचा, संकलन कुणाचं, वेशभूषा कुणाची, ही नावं तिथेच मिळतात. त्या माणसांचं काम परीक्षणात नावासकट आलं पाहिजे.

४. बाहेर पडल्यावरचा पहिला अर्धा तास

पार्किंगमध्ये मित्रांशी चर्चा करू नका. ही सगळ्यात अवघड पायरी आहे. तिथे पहिला जो मोठ्याने बोलतो त्याचं मत पाच मिनिटांत सगळ्यांचं होतं. शक्य असेल तर एकटे जा, नाहीतर सोबत्यांना आधीच सांगून ठेवा.

थोडं चाला. मग कुठेतरी बसून चहा घेत तीन गोष्टी लिहा: डोळ्यांसमोर अजून काय उभं आहे, कंटाळा नेमका कुठे आला, आणि आजूबाजूचे लोक कुठे हलले. 'चांगला की वाईट' हा प्रश्न त्या रात्री सोडवायचा नाही. सकाळी उठल्यावर जे दृश्य पहिल्यांदा आठवतं, त्यापासून माझे बरेच लेख सुरू झालेत.

५. प्रत्येक प्रकाराला वेगळं माप लावा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. सामाजिक चित्रपट आवडणारा माणूस भयपटाला 'आशय नाही' म्हणतो, मारधाडीचा चाहता संथ चित्रपटाला 'काही घडतच नाही' म्हणतो. मी एक प्रश्न विचारायला लागलो: या चित्रपटाने पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत मला काय देण्याचं कबूल केलं? ते दिलं का? आणि ते देण्याजोगं होतं का?

*विनोदी.* हशाच्या खुणा मोजा आणि मग त्यांची कारणं शोधा. हसू शब्दांवर आलं, प्रसंगावर आलं, की नटाने घेतलेल्या क्षणभराच्या थांब्यावर? एखाद्याच्या जाडीवर, बोलीवर किंवा जातीवर हसवलं असेल तर तेही लिहा, सभागृह हसलं असलं तरी लिहा. विनोदात संकलनाचं काम फार मोठं असतं. कात्री एका क्षणाने उशिरा चालली तर विनोद पडतो, आणि परीक्षणात त्याचं खापर बिचाऱ्या नटावर फुटतं.

*भयपट.* दचकणं आणि भीती यांची नोंद वेगवेगळी ठेवा. आवाज एकदम वाढवला की कुणीही दचकतं. भीती मात्र साचत जावी लागते. डोळे मिटून दोन मिनिटं नुसतं ऐका, ध्वनिसंयोजकाने काय केलंय ते समजेल. 'तुंबाड' घ्या. २०१८ साली आला तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. त्यात सतत पडणारा पाऊस नुसती पार्श्वभूमी म्हणून नाही, ओल आणि सड अंगावर येत राहते. त्यावर लिहिताना पावसाबद्दल चार ओळी नसतील, तर मुख्य गोष्ट सुटली असं मी म्हणेन. पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावरून चित्रपटाची किंमत ठरवू नये, याचंही हे चांगलं उदाहरण.

*संथ, वास्तववादी.* 'संथ' हा शब्द दोष म्हणून वापरण्याआधी थांबा. 'कोर्ट' (२०१४) पाहताना कॅमेरा बराच वेळ एकाच जागी, लांब उभा राहतो. न्यायालयातल्या बाकावर आपणही तारखेची वाट बघत बसलोय असं वाटायला लागतं. तो वेळ त्या चित्रपटाचा विषयच आहे. दुसरीकडे काही चित्रपटांत लांबलेली दृश्यं नुसती लांबलेली असतात. फरक कसा ओळखायचा? त्या वेळात तुमची नजर चौकटीत फिरत होती का, नवं काही सापडत होतं का, ते आठवा.

*नाटकावरून आलेले.* नाशिककरांनी हा प्रकार नीट शिकायला हवा, कारण 'नटसम्राट' आपल्या गावात राहिलेल्या वि. वा. शिरवाडकरांचं. १९७० साली ते रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागूंनी त्यातली नटसम्राटाची मुख्य भूमिका केली, आणि १ जानेवारी २०१६ला महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट नाना पाटेकरांना घेऊन आला. 'नाटकाची सर नाही' हे वाक्य लिहायला फार सोपं आहे. त्याऐवजी हे पाहा: रंगमंचावर दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवायचं स्वगत कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आलं की त्याचं काय झालं? आवाज कुठे खाली आला, कुठे तसाच ठेवला? शिरवाडकरांचा सिनेमाशी संबंध त्याच्याही आधीचा. १९३४च्या 'सती सुलोचना'ची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. तो चित्रपट नाशिकच्या गोदावरी सिनेटोनचा होता.

*संतपट आणि चरित्रपट.* श्रद्धा बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही. पण कॅमेऱ्याने श्रद्धा कशी दाखवली ते बघा. १९३६चा 'संत तुकाराम' पाहाल तेव्हा लक्ष जिजाईवर, म्हणजे आवलीवर ठेवा. घरात दाणा नाही आणि त्यात पोरगा आजारी, म्हणून ती थेट देवळात जाऊन विठोबाशी भांडते. चमत्कारांच्या शेजारीच उपाशी पोरांची ही आई असल्यामुळे तो चित्रपट जमिनीवर राहतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली, ती केवळ भक्तीसाठी झाली असेल असं मला वाटत नाही.

*हौसेचे आणि विडंबनपट.* आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात नासीर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. तुटपुंजं साहित्य, गावातलीच माणसं, आणि मोठ्या चित्रपटाची नक्कल. याला मुंबईच्या चित्रपटाचं तांत्रिक माप लावलं तर हाती काही लागत नाही. मूळ चित्रपटातलं काय घेतलं, काय उलटं केलं, यंत्रमागाच्या गावाची बोली त्यात कशी शिरली, हे पाहिलं तर पानं भरतील.

मारधाडपटाबद्दल एवढंच: कोण कुठे उभा आहे, कोणाला कुठे मार बसला, हे तुम्हाला कळत होतं का? नसेल तर कॅमेरा आणि संकलन चुकलंय. पडद्यावर कितीही गाड्या उडाल्या असल्या तरी तसंच लिहा.

६. जुने चित्रपट पाहायची तयारी

जुन्या चित्रपटावर लिहिण्याआधी आपण नेमकं काय पाहिलं ते शोधून काढायला लागतं. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला आला. थिएटरात लोकांनी पाहिलेला शेवट, ज्यात पोलीस ठाकूरला थांबवतात, तो सेन्सॉरच्या आक्षेपानंतर चित्रित केलेला होता. मूळ शेवट वेगळा आहे. तुम्ही कुठली प्रत पाहिली हे लेखात सांगितलं नाही, तर वाचक आणि तुम्ही दोन वेगळ्या चित्रपटांबद्दल भांडत बसाल. दूरचित्रवाणीवरच्या प्रतीत गाणी कापलेली असतात. इंटरनेटवर कुणीतरी चढवलेल्या प्रतीत जवळपास चौकोनी चौकट ताणून रुंद केलेली असते आणि सगळी माणसं बुटकी, जाडी दिसतात. ही प्रत पाहून छायाचित्रणावर लिहू नका.

मूकपटांत वेगाची भानगड असते. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. मूकपट बहुतेक त्यापेक्षा कमी वेगाने चित्रित झालेले असतात. तेच २४च्या वेगाने दाखवले की माणसं तुरुतुरु पळतात आणि नवखा पाहणारा लिहितो, 'तेव्हाचा अभिनय हास्यास्पद होता'. आधी वेग तपासा.

आपण नाशिककर या बाबतीत भाग्यवान आहोत, असं मला मनापासून वाटतं. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७०ला त्र्यंबकेश्वरी जन्मले, १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकमध्ये गेले. मधल्या काळात त्यांनी कंपनी नाशिकलाच थाटली होती. शाळेच्या सहलीत पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांचे चित्रपट मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असतात. तर सुरुवात तिथून करा. ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागलेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फुटांचा होता, आज त्यातला तुकडाच उरला आहे. जे आपण बघतो ते १९१३चं की १९१७च्या नव्या आवृत्तीचं, यावरही अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे 'कथा अर्धवट वाटते' ही तक्रार फाळक्यांकडे करता येत नाही. पाहायचं काय, तर चौकटीत माणसं कशी उभी केली आहेत, आणि तारामतीच्या भूमिकेतले अण्णा साळुंके. स्त्रिया मिळेनात म्हणून पुरुषाला उभं केलं, हे आपण ऐकलेलं असतं. पडद्यावर ते कसं दिसतं, हात कसे हलतात, पदर कसा सावरला जातो, हे स्वतः पाहून लिहा.

त्यानंतर १९१९चा 'कालिया मर्दन' बघा. कृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आहे. सुरुवातीला ती मुलगी म्हणूनच कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थांबवून पुन्हा लावलं. दिग्दर्शक आधी सांगतोय की ही माझी मुलगी आहे, आता हिला देव होताना बघा, आणि तरीही पुढे आपण तिला कृष्ण मानतो. अभिनय म्हणजे काय, यावर त्या दीड-दोन मिनिटांइतकं मला दुसऱ्या कशाने शिकवलेलं नाही.

पुस्तकांसाठी सावाना आहेच. १८४० सालचं आपलं सार्वजनिक वाचनालय, सभासद व्हा आणि सिनेमावरची मराठी पुस्तकं मागा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तिथल्या खेळांकडे लक्ष ठेवा, नाशिकहून जाऊन रात्री परत येता येतं. थकवा येतो, पण पडद्यावर पाहिलेला जुना चित्रपट आणि मोबाइलवर पाहिलेला जुना चित्रपट यांची तुलनाच नको.

७. लिहायला बसल्यावर

पहिला परिच्छेद एका दृश्यापासून किंवा एका निरीक्षणापासून सुरू करा. 'अमुक बॅनरचा बहुचर्चित चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला' हे वाचकाला माहीत असतं.

गोष्ट पाच वाक्यांत. त्याहून जास्त लागत असेल तर तुम्ही मध्यंतराच्या पुढे गेलात.

मग विशेषणं काढा. हे मी अजूनही प्रत्येक लेखाला करतो. 'वडिलांच्या भूमिकेतल्या नटाचा अभिनय अप्रतिम आहे' असं लिहिलं असेल तर खोडून पुन्हा आठवा. काय केलं त्याने? समजा, तो मुलीची फी भरतोय. नोटा मोजून झाल्या, समोरच्या कारकुनाने हात पुढे केला, तरी त्याची बोटं नोटांवरच राहिली. हे एवढंच लिहा. अप्रतिम आहे की नाही ते वाचक ठरवेल आणि तुमच्यावर विश्वासही ठेवेल. छायाचित्रणाचंही तसंच. 'नेत्रसुखद' म्हणजे द्राक्षबागा हिरव्या दिसल्या, एवढंच असेल तर ते निसर्गाचं कौतुक झालं. कॅमेरा माणसांच्या उंचीवर होता की वरून बघत होता, चेहरे उजेडात होते की सावलीत, हे छायालेखकाचं काम.

न आवडलेल्या चित्रपटावर लिहिताना जास्त मेहनत घ्या. एका लहान मराठी चित्रपटाची मी सुरुवातीच्या काळात अशी काही चिरफाड केली होती की लोकांनी ती एकमेकांना वाचून दाखवली. नंतर कळलं की त्यातला एक नवखा मुलगा आपल्याच भागातला होता आणि त्याच्या घरी तो लेख कापून ठेवला होता, पोराचं नाव छापून आलं म्हणून. लेखात खोटं काही नव्हतं. पण त्या मुलाच्या कामाबद्दल मी एक अख्खं वाक्य नीट विचार करून लिहिलं नव्हतं, फक्त शेरा मारला होता. तेव्हापासून नियम केला: ज्याचं नाव घेऊन दोष दाखवायचा, त्याचं कुठलं दृश्य आणि त्यात काय जमलं नाही, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर नाव घ्यायचं नाही.

चित्रपटाला किती तारे द्यायचे (स्टार रेटिंग), त्याबद्दल थोडक्यात. छापणारा मागत असेल तर द्या, लेख पूर्ण झाल्यावर द्या.

८. पाठवण्याआधी तपासणी

- नावांचं शुद्धलेखन. श्रेयनामावलीत जसं आहे तसं.
- साल, लांबी, श्रेणी.
- मूळ कलाकृतीचा उल्लेख.
- गाणं कुणाचं? 'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटत आलं आहे, ते शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे. इतकं ओळखीचं गाणं फसवतं, तर बाकीच्यांचं काय.
- रहस्य कुठे फुटत नाही ना? हे दुसऱ्या कुणाला तरी वाचायला देऊनच कळतं. चित्रपट न पाहिलेला माणूस शोधा.
- मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे वाक्य मोडा.

९. कायदा आणि भीड

थिएटरात मोबाइलवर पडद्याचं चित्रीकरण करू नका, आठवणीसाठी दहा सेकंदही नको. २०२३च्या दुरुस्तीनंतर चित्रपटाचं बेकायदा ध्वनिचित्रमुद्रण केल्यास किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. समीक्षेसाठी मूळ कलाकृतीतला थोडा भाग उद्धृत करण्याची मुभा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये आहे. त्याचा अर्थ अख्खं गाणं किंवा पाच मिनिटांचा प्रसंग उचलून लावता येतो असा नाही. छायाचित्र हवं असेल तर निर्मात्यांनी प्रसिद्धीसाठी दिलेलंच वापरा.

भिडेचा प्रश्न जास्त कठीण. नाशिक मोठं झालं तरी नाटक-सिनेमातली माणसं एकमेकांना ओळखतात. कालिदास कलामंदिरात कुणाच्या तरी प्रयोगाला गेलात की ज्याच्यावर तुम्ही लिहिलंय तो पुढच्या रांगेत असतो. जवळच्या मित्राच्या चित्रपटावर परीक्षण लिहू नका, त्याला घरी बोलावून जे वाटलं ते सांगा. फुकट तिकीट किंवा खास खेळाचं आमंत्रण घेतलं असेल तर लेखात तसं लिहा. पैसे घेऊन लिहिलेला मजकूर जाहिरात असते, ती जाहिरात म्हणूनच छापली गेली पाहिजे. 'थोडं सांभाळून घ्या' असा फोन येतो. त्याला मी एकच उत्तर देतो, की मी चित्रपट पूर्ण पाहीन आणि जे पाहीन ते लिहीन. दोन-तीनदा ऐकलं की फोन थांबतात.

१०. पहिल्या १२ आठवड्यांचा सराव

दर आठवड्याला एक नवा आणि एक जुना, दोन्हींवर प्रत्येकी ३०० शब्द. छापायला कुठेही पाठवू नका. प्रकार मुद्दाम बदला: या आठवड्यात भयपट घेतला तर पुढच्या आठवड्यात बालचित्रपट, मग माहितीपट, मग तमाशापट. जो प्रकार अजिबात आवडत नाही त्याला दोन आठवडे द्या. चौथ्या आठवड्यात एका चित्रपटातलं एकच दृश्य निवडून ते दहा वेळा बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, आणि नुसतं काय दिसतं, काय ऐकू येतं यावर ३०० शब्द लिहा. आठव्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातला चित्रपट पुन्हा पाहा आणि जुनं टिपण न वाचता नवं लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवा. असे पुन्हा पाहिलेल्या बारापैकी तीन चित्रपटांबाबत माझं मत पूर्ण बदललं होतं. ती जोडटिपणं मी अजून जपून ठेवली आहेत.

बारावा आठवडा संपला की त्यातली सर्वांत बरी दोन परीक्षणं निवडा, आठव्या पायरीतून पुन्हा काढा आणि पुरवणीला, दिवाळी अंकाला किंवा महाविद्यालयाच्या नियतकालिकाला पाठवा. सोबत तिकिटाची तारीख आणि कुठल्या थिएटरात पाहिला तेही लिहा. नकार आला तर कारण विचारा. बहुतेक संपादक एका ओळीत सांगतात.